व्हीपीएन घ्यायचं, पण कुणापासून लपायला?

२५ जानेवारी २०२० रोजी काश्मीर खोऱ्यात मोबाइल इंटरनेट परत आलं. जवळजवळ सहा महिन्यांच्या बंदीनंतर आलेलं हे इंटरनेट टूजी गतीचं होतं, आणि सरकारने यादी करून दिलेल्या ३०१ वेबसाइटपुरतंच होतं. समाजमाध्यमं त्या यादीत नव्हती. थोड्याच दिवसांत व्हीपीएनची अ‍ॅप्स एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाऊ लागली. आज जे चालतंय ते घ्यायचं, उद्या ते अडलं की दुसरं शोधायचं, अशी रीत पडली. फेब्रुवारीत काश्मीरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनच्या आधारे समाजमाध्यमांचा गैरवापर केल्याचा गुन्हा नोंदवला आणि त्याला यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लावलं. रस्त्यात फोन तपासतात आणि व्हीपीएन सापडलं तर काढायला लावतात, अशा तक्रारी तिथल्या रहिवाशांनी त्या काळात पत्रकारांकडे केल्या.

जोखमीत जगणाऱ्या माणसाला व्हीपीएन वापरताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच प्रसंगात सापडतात. अडवलेली वेबसाइट उघडली, म्हणजे व्हीपीएनने आपलं काम केलं. पण व्हीपीएन वापरलं जातंय ही गोष्ट काही लपली नाही. फोनमधलं अ‍ॅप हाच पुरावा होऊन बसला. आणि घाईत उचललेलं ते फुकट अ‍ॅप कुणाचं आहे, आपली माहिती कुठे नेतं, हे बघायला कुणाला उसंत नव्हती.

क्रिकेटचा सामना बघायला व्हीपीएन घेतलेल्या माणसाचं व्हीपीएन तुटलं तर त्याची चार षटकं हुकतात. खबर देणाऱ्याची ओळख जपणारा पत्रकार, मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटू पाहणारी बाई, आंदोलनातला कार्यकर्ता, आखातात नोकरी करणारा समलिंगी तरुण, यांचं व्हीपीएन अर्धं मिनिट तुटलं तरी नोकरी, घर, कधी जीवही पणाला लागू शकतो. बाजार मात्र उभा आहे तो सामना बघणाऱ्यासाठी. जाहिराती वेगाच्या आणि परदेशी मालिकांच्या, परीक्षणं सवलतीच्या किमतींची. ज्याला गरज सर्वांत जास्त, त्याच्या प्रश्नांना त्यात जागाच नाही. म्हणून आधी ही यंत्रणा चालते कशी ते नीट पाहू. एकदा ते कळलं की कोणत्या दाव्यावर भरवसा ठेवायचा आणि कोणत्यावर नाही, हे बरंचसं आपलं आपल्याला ठरवता येतं.

व्हीपीएन नसताना काय होतं ते आधी. तुम्ही फोनवर एखाद्या वृत्तपत्राची वेबसाइट उघडता. फोन आधी त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, विचारतो. ही चौकशी बहुधा तुमच्या मोबाइल कंपनीच्याच सर्व्हरकडे जाते. पत्ता मिळाला की फोन त्या वेबसाइटशी जोडला जातो. वेबसाइटच्या नावाआधी एचटीटीपीएस असेल, आणि आज बहुतेक ठिकाणी ते असतंच, तर तुम्ही कोणता लेख वाचला, कोणता पासवर्ड टाकला, हे मधल्या कुणाला वाचता येत नाही. मात्र कोणत्या वेबसाइटवर गेलात, किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा आला-गेला, हे मोबाइल कंपनीला दिसतं. तिकडे वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता दिसतो, आणि त्यावरून तुमची कंपनी आणि ढोबळमानाने गावही कळतं. तो पत्ता अमुक वेळी कुणाला दिला होता, हे मोबाइल कंपनीच्या नोंदींतून काढता येतं. पोलिसांचा माग बहुतेक वेळा असाच लागतो.

व्हीपीएन सुरू केल्यावर फोन आधी व्हीपीएनच्या सर्व्हरशी बोलतो. दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. त्यानंतर फोनमधून निघणारा प्रत्येक संदेश आधी जिथे पोचायचं त्या पत्त्याच्या पाकिटात जातो, आणि ते पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या पाकिटात घातलं जातं. वरच्या पाकिटावर पत्ता फक्त व्हीपीएनच्या सर्व्हरचा. मोबाइल कंपनी वरचं पाकीट बघते आणि पोचतं करते. व्हीपीएनचा सर्व्हर ते फोडतो, आतला पत्ता वाचतो आणि स्वतःच्या नावाने ते पुढे पाठवतो. उत्तर आलं की हाच प्रवास उलटा.

आता कुणाला काय दिसतं ते मोजा. मोबाइल कंपनीला एवढंच कळतं की हा फोन इतके वाजल्यापासून इतके वाजेपर्यंत एका व्हीपीएन सर्व्हरशी जोडलेला होता. वेबसाइटला तुमच्याऐवजी व्हीपीएनचा आयपी पत्ता दिसतो. आणि व्हीपीएन चालवणाऱ्याला दोन्ही टोकं दिसतात: तुमचा खरा पत्ताही आणि तुम्ही कुठे गेलात तेही. काल जे मोबाइल कंपनीला ठाऊक होतं, ते आज व्हीपीएन कंपनीला ठाऊक झालं, एवढाच काय तो फरक. माहिती नाहीशी झालेली नाही; ती कुणाच्या हाती असावी, ही निवड तुम्ही केलीत. व्हीपीएनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी, कारण पुढची प्रत्येक अडचण इथूनच निघते.

म्हणून ‘कोणतं व्हीपीएन चांगलं?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: तुम्हाला कुणापासून लपायचंय? ऑफिसचं वायफाय चालवणाऱ्यापासून किंवा मोबाइल कंपनीपासून कोणत्या वेबसाइट बघतो ते लपवायचं असेल, तर प्रामाणिक व्हीपीएन ते काम चोख करतं. एखाद्या कंपनीवर बातमी करताना तिच्या वेबसाइटला आपल्या वृत्तपत्राचा पत्ता दिसू नये, यासाठीही ते पुरतं. पण त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही आपल्या नेहमीच्या जीमेलमध्ये लॉगइन असाल, तर गूगलला तुम्ही कोण ते कळतंच. फेसबुकला कळतं. लोकेशनची परवानगी दिलेल्या अ‍ॅपला तुम्ही कोणत्या गल्लीत उभे आहात तेही कळतं, आयपी पत्ता नेदरलँड्सचा असला तरी. कुकी आणि ब्राउझरच्या बारीकसारीक खुणा व्हीपीएनच्या आतूनच जातात. त्यांना ते हातही लावत नाही.

आणि धोका फोनच्या आतच असेल, तर व्हीपीएनचा काडीचा उपयोग नाही. २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने व्हॉट्सअ‍ॅपच्या सुमारे १,४०० वापरकर्त्यांना लक्ष्य केल्याचं उघड झालं. त्यांत भारतातले पत्रकार, वकील आणि मानवी हक्क कार्यकर्ते होते, नागपूरचे वकीलही होते. असं सॉफ्टवेअर संदेश कुलूपबंद होण्याआधीच, फोनच्या पडद्यावरून वाचतं. बाहेरच्या वाटेवर कितीही पाकिटं चढवली तरी त्याला फरक पडत नाही.

याचंच घरगुती रूप जास्त सर्रास आढळतं आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. संशयी नवरा बायकोच्या फोनमध्ये पाळत ठेवणारं अ‍ॅप टाकतो, किंवा तिचा गूगलचा पासवर्ड त्याला आधीपासून माहीत असतो. अशा वेळी एखादी मैत्रीण किंवा भाची कळकळीने सांगते, ‘ताई, व्हीपीएन टाक.’ ती टाकते. अँड्रॉइडवर व्हीपीएन सुरू झालं की पडद्याच्या वरच्या पट्टीत छोटी किल्ली दिसू लागते. अ‍ॅपच्या यादीत नवं चिन्ह येतं. गूगल खात्याच्या प्ले स्टोअरमध्ये डाऊनलोडची नोंद राहते. पैसे भरले असतील तर बँकेचा मेसेज येतो, आणि तो बहुतेक त्याच्याच नंबरवर. पाळत चालूच राहते, वर तिने काहीतरी लपवायला घेतलंय हेही त्याला कळतं. अशा स्थितीत व्हीपीएन न टाकणं हाच बरोबर सल्ला आहे. त्याचा हात कधीच न लागलेला दुसरा फोन, शेजारणीचा किंवा कामाच्या ठिकाणचा, घ्यावा आणि त्यावरून १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ओळखीच्या संस्थेला फोन करावा. जुन्या फोनला घाईने हात लावू नये. त्यातलं पाळतीचं अ‍ॅप अचानक बंद पडलं की समोरचा चवताळतो, आणि पुढे तक्रार करायची तर तो फोनच पुरावा असतो.

समजा, विचार करून ठरलं की व्हीपीएनची गरज आहे. आता निवड. इथे सामान्य माणसाचे हात बांधलेले असतात, कारण विकणारा जे सांगतो ते पडताळून बघायची सोय त्याच्याकडे नसते.

परीक्षणं वाचावीत म्हटलं, तर ती लिहिणारा कोण ते आधी बघावं लागतं. केप टेक्नॉलॉजीज ही कंपनी सायबरघोस्ट, झेनमेट आणि प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस या व्हीपीएन सेवांची आधीपासून मालक होती. तिने २०२१ मध्ये व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस ही परीक्षणांची संकेतस्थळं चालवणारी कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी एक्स्प्रेसव्हीपीएनही सुमारे ९४ कोटी डॉलरना घेतलं. म्हणजे तुलना करणारा आणि माल विकणारा एकाच छपराखाली. बाकीच्या बऱ्याच परीक्षणकर्त्यांना त्यांच्या दुव्यावरून विक्री झाली की कमिशन मिळतं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०२१ मध्ये १६ व्हीपीएन तपासली, तेव्हा त्यांतल्या १२ जणांनी आपल्या संरक्षणाबद्दल वाढवून चढवून सांगितल्याचं आढळलं.

फुकट अ‍ॅपची गोष्ट याहून वाईट. सर्व्हर, बँडविड्थ, माणसं, सगळ्याला रोज पैसा लागतो. तो तुमच्याकडून घेत नसतील तर कुठून येतो? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८३ अँड्रॉइड व्हीपीएन अ‍ॅप्स उघडून पाहिली. ७५ टक्के अ‍ॅप्समध्ये इतर कंपन्यांसाठी माग ठेवणारं सॉफ्टवेअर होतं, ३८ टक्क्यांत घातक सॉफ्टवेअरच्या खुणा होत्या, आणि १८ टक्के अ‍ॅप्स तर संदेश कुलूपबंदही करत नव्हती. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचं ‘प्रोटेक्ट’ नावाचं फुकट व्हीपीएन लोक सुरक्षेसाठी वापरत होते, आणि फेसबुक त्यातून कोणती स्पर्धक अ‍ॅप्स किती चालतात ते बघत होतं. अ‍ॅपलने २०१८ मध्ये आपल्या स्टोअरमधून ते काढायला लावलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने याच प्रकरणी फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

जुलै २०२० मध्ये उघड झालेलं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. हाँगकाँगशी संबंधित सात फुकट व्हीपीएन, त्यांत यूएफओ व्हीपीएन हे नावाजलेलं, ‘आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही’ असं सांगत होती. संशोधकांना त्यांचा एक सर्व्हर इंटरनेटवर सताड उघडा सापडला, पासवर्डशिवाय. आत १.२ टेराबाइट नोंदी: वापरणाऱ्याचा खरा आयपी पत्ता, कोणत्या सर्व्हरशी किती वाजता जोडला, फोन कोणता, ठिकाण कुठलं, आणि काही ठिकाणी खात्याचा पासवर्डसुद्धा वाचता येईल अशा साध्या अक्षरांत. नावं सात, रंग आणि चिन्हं वेगळी, पण मागची यंत्रणा एकच. २०२५ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही हाच नमुना मोठ्या प्रमाणावर दिसला. वेगवेगळ्या कंपन्यांची म्हणून मिरवणारी, मिळून ७० कोटींहून जास्त वेळा डाऊनलोड झालेली व्हीपीएन अ‍ॅप्स मोजक्या गटांतली निघाली. काहींच्या कोडमध्येच सगळ्यांना सामाईक असा पासवर्ड लिहून ठेवलेला होता. तो ज्याने काढून घेतला, त्याला वाटेत बसून त्या वापरकर्त्यांचा मजकूर उलगडता येतो.

फुकट म्हणजे फसवंच, असं मात्र नाही. सायफन हे अडवलेलं इंटरनेट उघडण्यासाठी सिटिझन लॅबमध्येच घडलं. रायझअप ही कार्यकर्त्यांनी चालवलेली संस्था देणग्यांवर व्हीपीएन देते. प्रोटॉन पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर फुकट सेवा चालवते. पैसा कुठून येतो हे या तिघांच्या बाबतीत उघड आहे, आणि माझ्या मते निवडीची पहिली कसोटी हीच.

दुसरी कसोटी ‘नो लॉग्ज’ या शब्दांची. नोंदी ठेवत नाही असं म्हणणं सोपं. ते खरं की खोटं हे दारात पोलिस आल्यावर कळतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका सायबर छळाच्या खटल्यात एफबीआयला प्युअरव्हीपीएनकडून नोंदी मिळाल्या, आरोपीच्या घरचा आणि कामाचा आयपी पत्ता जुळवणाऱ्या. ही कंपनीही नोंदी ठेवत नसल्याची जाहिरात करत होती. त्या खटल्यात एक छळवादी सापडला याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. पण ज्या नोंदीतून तो सापडला, त्याच प्रकारच्या नोंदीतून एखाद्या हुकूमशाही देशातला पत्रकारही सापडतो. याच्या उलट उदाहरण स्वीडनच्या मुलवाडचं. १८ एप्रिल २०२३ रोजी तिच्या गॉथेनबर्गच्या कार्यालयात पोलिस झडतीचं वॉरंट घेऊन आले. मागितलेली ग्राहकांची माहिती आमच्याकडे अस्तित्वातच नाही, हे कंपनीने दाखवून दिलं आणि पोलिस रिकाम्या हाताने परत गेले. तिथे खातं उघडायला नाव लागत नाही, ईमेल लागत नाही. एक लांबलचक खातेक्रमांक मिळतो, आणि पैसे टपालाने रोख पाठवले तरी चालतात. जे साठवलंच नाही ते कुणी मागून नेऊ शकत नाही. त्यामुळे कंपनी नोंदणीच्या वेळी तुमच्याकडे काय काय मागते, ते तिच्या गोपनीयतेच्या आश्वासनांपेक्षा जास्त बोलकं असतं.

भारतात हा प्रश्न कायद्यानेच अवघड केला आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला: व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, ईमेल, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा कशासाठी घेतली ते कारण, एवढं किमान पाच वर्षं जपून ठेवायचं. कंपन्यांच्या अंतर्गत वापराचं व्हीपीएन यातून वगळलं आहे. एक्स्प्रेसव्हीपीएनने जूनच्या सुरुवातीलाच भारतातले सर्व्हर काढून घेतले. सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि नंतर प्रोटॉन त्याच वाटेने गेले. आता त्यांच्यापैकी काहींच्या अ‍ॅपमध्ये ‘इंडिया’ दिसतं ते भारतीय आयपी पत्ता देणारा, पण प्रत्यक्षात सिंगापूर किंवा ब्रिटनसारख्या ठिकाणी ठेवलेला सर्व्हर असतो. नोंदी ठेवायला तयार नसलेले निघून गेले, आणि भारतात सर्व्हर ठेवून धंदा करणाऱ्याने हे नियम पाळले, तर तुमची पाच वर्षांची कुंडली त्याच्याकडे असणार. जानेवारी २०२५ च्या सुमाराला सरकारी आदेशानंतर क्लाउडफ्लेअरच्या वॉर्पसह काही व्हीपीएन अ‍ॅप्स भारतातल्या अ‍ॅपल आणि गूगलच्या स्टोअरमधून काढली गेली. अशा वेळी लोक कुठल्याशा टेलिग्राम गटावरून आलेली एपीके फाइल टाकतात. खऱ्या अ‍ॅपच्या वेशात घातक सॉफ्टवेअर देण्याची त्याहून सोयीची जागा नाही. अ‍ॅप स्टोअरमध्ये मिळेनासं झालं तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावं, नाहीतर घेऊच नये.

व्हीपीएन वापरणं भारतात सरसकट बेकायदा नाही. पण स्थानिक आदेश निघतात. मे २०२५ मध्ये जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी व्हीपीएनवर बंदी घातली होती. आखातातल्या आपल्या लोकांनी तर हे विशेष जपावं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून घरी कॉल लागत नाही, म्हणून रत्नागिरी-रायगडकडचे कित्येक जण मिळेल ते फुकट व्हीपीएन टाकतात. तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी दुसऱ्याचा आयपी पत्ता वापरला तर कैद, ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. मुलांशी बोलणं हा गुन्हा नव्हे, हे खरं. पण कायद्यातली ‘गुन्हा’ या शब्दाची व्याप्ती ठरवणारे आपण नसतो, आणि परदेशात नोकरीवर असलेल्या माणसाला चौकशीसुद्धा महागात पडते.

निवड झाली, अ‍ॅप आलं. आता रोजचा वापर, आणि नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं.

व्हीपीएन तुटतं. लिफ्टमध्ये रेंज जाते, वायफायवरून मोबाइल डेटावर उडी होते, फोन झोपेतून उठतो. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये तर बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चालणारी अ‍ॅप्स परस्पर मारून टाकते, आणि त्यात व्हीपीएनही जातं. तुटलं की फोन थांबत नाही. तो गुपचूप जुन्या उघड्या वाटेने जाऊ लागतो. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, बातम्या, सगळं खऱ्या पत्त्यावरून. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. यावरचा उपाय फोनमध्येच असतो, पण तो फार कमी लोकांनी पाहिलेला असतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात व्हीपीएन उघडा, आपल्या व्हीपीएनच्या नावापुढचं दातेरी चाक दाबा. तिथे दोन बटणं दिसतात: ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’. दोन्ही सुरू केली की व्हीपीएन नसताना तुमच्या अ‍ॅप्सना बाहेर जायला वाट राहत नाही. मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बंधन काढायचं. फोनची भाषा मराठी असेल तर ही नावं भाषांतरित दिसतात आणि कंपनीगणिक जागाही बदलते, म्हणून कुणीतरी शेजारी बसून एकदा दाखवणं गरजेचं असतं.

हे केलं की दुसरी अडचण उभी राहते. बँकेची काही अ‍ॅप्स व्हीपीएन दिसलं की चालत नाहीत. बरीच सरकारी संकेतस्थळं परदेशी आयपी पत्त्याला दारातच अडवतात. माणूस वैतागून व्हीपीएन बंद करतो, बिल भरतो आणि परत सुरू करायला विसरतो. हा आळस नव्हे; यंत्रणेनेच त्याच्यापुढे नकोशी निवड ठेवलेली असते. शक्य असेल तर जोखमीचं काम आणि बँक-बिलांचं काम यांसाठी वेगळे फोन ठेवावेत. ते जमत नसेल तर ‘स्प्लिट टनेलिंग’ ही सोय वापरून बँकेचं अ‍ॅप तेवढं व्हीपीएनच्या बाहेर ठेवता येतं. पण वरचं ‘ब्लॉक’ बटण सुरू असेल तर बाहेर ठेवलेलं अ‍ॅपही अडू शकतं, ते आधी करून बघावं.

काही धोके वायफायमधूनच येतात. मे २०२४ मध्ये संशोधकांनी ‘टनेलव्हिजन’ हा प्रकार दाखवला: वायफाय चालवणारा स्वतःच हल्लेखोर असेल, तर तो जोडलेल्या यंत्राला ‘अमुक वाटेने जा’ अशी सूचना देऊन त्याची रहदारी व्हीपीएनच्या बाहेर काढू शकतो, आणि व्हीपीएनचं अ‍ॅप मात्र ‘कनेक्टेड’ म्हणत राहतं. ती सूचना अँड्रॉइड मानतच नाही, म्हणून तो यातून सुटला. संवेदनशील काम लॅपटॉपवर करायचं असेल तर हॉटेलच्या वायफायपेक्षा आपल्या फोनचा हॉटस्पॉट बरा.

मग येतो अडवणुकीचा प्रश्न. व्हीपीएनचा मजकूर वाचता आला नाही तरी त्याची चाल ओळखता येते. २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका इंटरनेट कंपनीच्या प्रत्यक्ष जाळ्यात प्रयोग करून ओपनव्हीपीएन या व्हीपीएन पद्धतीच्या ८५ टक्क्यांहून जास्त जोडण्या ओळखून दाखवल्या. चीन, इराण, रशियात अशीच यंत्रं राष्ट्रीय पातळीवर बसवलेली आहेत. त्यांना चुकवायला काही सेवा आपली रहदारी साध्या वेबसाइटसारखी दिसेल अशी सजवतात. टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याचे ‘ब्रिज’ आणि ‘स्नोफ्लेक’ हे त्याच कामासाठी आहेत. एक पद्धत बंद पडते, दुसरी चालते. म्हणून एकाच अ‍ॅपवर विसंबणं धोक्याचं, आणि गडबड सुरू झाल्यावर शोधाशोध करणं त्याहून धोक्याचं, कारण तोवर त्या अ‍ॅपचं संकेतस्थळही अडवलेलं असतं. टॉरचं वेगळेपण असं की तिथे तुमचा संदेश तीन स्वयंसेवी सर्व्हरमधून जातो आणि तिघांपैकी एकालाही दोन्ही टोकं ठाऊक नसतात. एका कंपनीवर भरवसा ठेवायला लागू नये, अशी ज्याची गरज आहे, त्याच्यासाठी टॉर ब्राउझर व्हीपीएनपेक्षा योग्य, संथ असला तरी.

मात्र इंटरनेटच बंद केलं तर यांतलं काहीही चालत नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बीडमध्ये आणि लगेच जालन्यात इंटरनेट बंद झालं होतं. पाकिटं न्यायला टपालगाडीच नाही, तर वरचं पाकीट कितीही भक्कम असून काय उपयोग? अशा वेळी साधा फोन आणि एसएमएस, तेवढंच उरतं; आणि एसएमएस मोबाइल कंपनी वाचू शकते, याचं भान ठेवून.

सर्वांत कठीण प्रसंग फोन हातातून घेतला जातो तेव्हाचा. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर लोकांनी व्हीपीएनचा आसरा घेतला. २०२४ च्या मध्यावर लष्कराने व्हीपीएन अडवायला सुरुवात केली, आणि रस्त्यांवर फोन तपासून ते सापडलेल्यांकडून पैसे उकळणं, त्यांना पकडणं सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. १ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झालेल्या कायद्याने परवानगीशिवाय व्हीपीएन सेवा देणं तुरुंगवासाच्या शिक्षेचा गुन्हा ठरवलं. अशा ठिकाणी घराबाहेर पडताना अ‍ॅप काढून टाकणं आणि घरी आल्यावर पुन्हा टाकणं, हा रोजचा उद्योग होतो, आणि तरी डाऊनलोडच्या नोंदी मागे राहतात. तिथे सल्ला देणाऱ्याने ‘कोणतं व्हीपीएन’ याआधी ‘तुमच्या वाटेवर नाका आहे का’ हे विचारायला हवं.

अ‍ॅक्सेस नाऊ ही संस्था पत्रकार आणि कार्यकर्त्यांसाठी चोवीस तास मोफत डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन चालवते, अनेक भाषांत. मराठी त्यांत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या वार्ताहराला किंवा संघटनेच्या कार्यकर्तीला मदत मिळते ती शहरातल्या एखाद्या जाणत्या सहकाऱ्याकडून. तसे सहकारी तुम्ही असाल, तर फोनवरून अ‍ॅपचं नाव सांगून सोडून देऊ नका. त्यांच्याजवळ बसा. कुणापासून धोका आहे ते आधी ऐकून घ्या. व्हीपीएन योग्य ठरलं तर वरची दोन बटणं त्यांच्या हाताने सुरू करवा. मग विमान मोड लावून काढायला सांगा, ब्राउझरमध्ये आयपी पत्ता दाखवणारं संकेतस्थळ व्हीपीएन असताना आणि नसताना उघडून दोन्ही पत्ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. बँकेचं अ‍ॅप अडलं तर काय करायचं ते तिथेच ठरवा. आणि दुसरं अ‍ॅप, पहिलं बंद पडलं तर वापरायचं, इंटरनेट सुरळीत आहे तोवर त्याच बैठकीत टाकून ठेवा.